परसातला ताम्रचूड

आमच्या परसात कोंबड्या आहेत, हे वाक्य लिहिताना लेखणी क्षणभर अडखळली, हे वाचकांपासून लपवून काय उपयोग? ज्या घरी चातुर्मासात कांदा चुलीपर्यंत पोहोचत नाही, ज्या घरी आमची थोरली बहीण आक्का वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सोवळ्याचे पाणी स्वहस्ते भरते, त्या घराच्या मागील दारी, तुळशीपासून पुरती वीस पावले दूर का होईना, पण खुराडे आहे. ते तेथे कसे आले हे आधी सांगितले पाहिजे. कारण ज्या कोंबड्याविषयी आम्ही लिहावयास बसलो आहो, त्याचा प्रश्न त्या कोंबड्यांच्या प्रश्नातूनच उद्भवला.

सन २०२१ च्या उन्हाळ्यात साऱ्या जगास पछाडणाऱ्या साथीने आम्हासही गाठले. दुखणे निभावले, परंतु अंगातील त्राण असे काही नाहीसे झाले की, नदीच्या घाटाच्या ज्या पायऱ्या आम्ही चाळीस वर्षे रोज चढलो-उतरलो, त्या चढताना मध्ये दोनदा बसावे लागे. डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. त्यांनी औषधांच्या यादीखाली ‘रोज एक अंडे’ असे लिहिले आणि आमच्या नजरेस नजर न देता म्हणाले, “गुरुजी, औषध म्हणून घ्या.” आम्ही ती चिठ्ठी चार दिवस अमरकोशात दडवून ठेवली. पाचव्या दिवशी ती सूनबाईंना सापडली, आणि सहाव्या दिवशी धाकटे चिरंजीव बाजारची शिळी अंडी नकोत म्हणून तीन तपकिरी तलंगाच घेऊन आले.

माजघरात बैठक बसली. आम्ही मॅट्रिक होऊन पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो व हयातभर तेच शिकविले, म्हणून शास्त्रार्थाचा मान घरात आमचा. शिवाय रोगीही आम्हीच असल्यामुळे न्यायाधीश व पक्षकार एकच झाले. आम्ही सांगितले की, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ग्रामकुक्कुट वर्ज्य आहे खरा. पण ज्या श्लोकात तो आहे त्याच श्लोकात लसूण आणि कांदाही आहे, आणि कार्तिकी एकादशी उलटताच या घरात कांद्याची भजी प्रथम कोण मागतो हे सर्वांस ठाऊक आहे. दुसरे असे की, कोंबडी अंडे घालते ते कोंबड्यावाचूनही घालते. कोंबडा नसेल तर त्या अंड्यात जीवाचा अंकुरच नाही. एकवीस दिवस उबविले तरी ते कुजेल, त्यातून पिलू निघावयाचे नाही. मग हिंसा ती कोणाची? गाईचे दूध जसे, तसेच हे.

आक्का बराच वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, “तुझे शास्त्र तुझ्यापाशी. तुझ्या प्रकृतीपुढे मी बोलत नाही. पण कोंबडा या दारात आणू नकोस.”

हा आमच्या घरचा तह. परसात वेगळी शेगडी आली, वेगळा तवा आला, आणि तो तवा आजतागायत स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून आत आलेला नाही. आम्ही रोज सकाळी लिंबाखाली स्टुलावर बसून, शक्यतो पूर्वेकडे तोंड न करता, आमचे औषध घेऊ लागलो. त्राण परत आले. चार वर्षे गेली. मध्यंतरी एक कोंबडी मुंगसाने नेली, तिच्या जागी गवळ्याने एक ठिपक्यांची गावठी दिली. यापलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही.

गेल्या चैत्रात आमच्या धाकट्या नातीने वाढदिवसाच्या ओवाळणीचे पैसे घेऊन आठवड्याच्या बाजारातून एक जीव आणला. पायांवर पिसे, अंगावर सोनेरी झाक, आणि आकार पारव्याहून थोडा मोठा. “लहान जातीची तलंग आहे, एवढीच राहणार,” असे विक्रेत्याने तिला सांगितले. त्यातला उत्तरार्ध खरा निघाला. या ठेंगण्या जातींस बँटम म्हणतात. जावा बेटावरील बँटम बंदराचे नाव युरोपीय व्यापाऱ्यांनी या पाखरांस चिकटविले, ते कायमचे. नातीने त्याचे नाव ठेंगू ठेविले. तुरा जरा लवकर लाल होऊ लागला तेव्हा आम्हास शंका आली होती. पण घरात तह असताना शंका बोलून दाखविणे शहाणपणाचे नसते.

ज्येष्ठातील एका पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी, शंका मिटली. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ व प्लुत यांची मापे सांगताना अकार न घेता उकार घेतला. का, तर कोंबड्याच्या आरवण्यात उकाराची ही तिन्ही रूपे ओळीने ऐकू येतात, असे वैयाकरणांची परंपरा सांगते. हे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. पण एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा हा पाठ अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच्या परसातून त्या दिवशी प्रथमच ऐकला. पहिले दोन स्वर जरा फाटले. प्लुत मात्र निर्दोष होता. आमचा आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला. ओटीवरून आक्काचा आवाज आला, “कोण रे तो?”

अमरकोशात कोंबड्यास चार नावे आहेत: कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट आणि चरणायुध. त्यांपैकी एकही त्या क्षणी आमच्या तोंडून निघाले नाही.

आम्ही प्रथम त्याच्या आकाराचा आश्रय घेतला. कोंबड्या दोन-दोन किलोच्या, हा पाऊण किलोचा. यांच्यात काय संबंध घडणार? पशुवैद्य लशी टोचण्यास आले होते, त्यांस विचारले. ते हसले. “गुरुजी, येथे उंची लागत नाही, चिकाटी लागते.” मग त्यांनी जे सांगितले ते असे: एकदा संग घडला की पुढे सुमारे दोन आठवडे कोंबडीची अंडी फलित निघू शकतात. मात्र फलित अंड्यात पिलू आपोआप वाढत नाही. सदतीस-साडेसदतीस अंशांची ऊब अखंड मिळाली तरच एकविसाव्या दिवशी कवच फुटते. वीस अंशांच्या खाली सर्व थांबून राहते. पण आपल्याकडील उन्हाळ्यात अंडे दुपारभर खुराड्यात राहिले तर त्यात अर्धीकच्ची हालचाल सुरू होऊ शकते, म्हणून ते घालताच उचलावे. आणखी एक: एका कोंबड्यास आठ-दहा कोंबड्या असाव्यात, तीनच असल्या तर तो त्यांच्या पाठी सोलून काढतो. हा हलका आहे, एवढीच त्यांची सुटका.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी अंडे बशीत फोडले आणि आम्हास चष्मा लावून पाहावयास सांगितले. बलकावर एक पांढरा ठिपका नेहमीच असतो. कोंबडा नसताना तो वेडावाकडा, डाग पडल्यासारखा असतो. आज तेथे एक नीट वर्तुळ होते, मध्ये फिकट, भोवती कडे. लहान मुलाने कंपासाने काढावे तसे. तांदळाच्या दाण्याहूनही मोठे नाही. आम्ही ती बशी बराच वेळ हातात धरून उभे होतो. गाईच्या दुधाचा दृष्टान्त आमच्या मनात आला आणि लाजून परत गेला. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, थंड होईल तवा.” आम्ही त्या दिवशी भूक नाही असे सांगितले.

आता ठेंगूस ठेवावयाचे की द्यावयाचे? घरात दोन पक्ष पडले. नात, तिची आई व चिरंजीव एका बाजूस. आक्का दुसऱ्या बाजूस. आणि आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी हे अंड्याचे प्रकरण कधी मनापासून मानलेच नव्हते, त्या कोणत्याच बाजूस नाहीत, म्हणजे मनातून आक्काच्या बाजूस. निर्णय आमच्यावर. पण त्याआधी एका संध्याकाळी पलीकडच्या चार मजली इमारतीतले शेजारी आले. हेही आमच्या हाताखालून गेलेले, एस. टी.त चालक आहेत. त्यांनी चहा घेतला, पावसाची गोष्ट काढली, नातीचा अभ्यास विचारला, आणि उठून चपला घालताना म्हणाले, “गुरुजी, मी रात्री दोनला गाडी लावून घरी येतो. चारला हे सुरू होते. परवा घाटात डोळ्यांवर झापड आली. मागे पन्नास माणसे होती.”

त्यांनी तक्रार केली असती तर उत्तर देता आले असते. चिरंजीवांनी तर उत्तर तयारच ठेविले होते: फ्रान्समध्ये ओलेराँ बेटावरील मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले, तेव्हा २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि २०२१ साली तेथे खेड्यातील आवाज व वास हा देशाचा वारसा होय असा कायदाच झाला. आम्ही म्हटले, मोरिसचे शेजारी सुटीपुरते त्या गावी येणारे होते. आपले शेजारी लोकांचे प्राण हातात घेऊन घाट उतरतात. आणि कायदाच पाहावयाचा तर आपल्याकडचा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे: रात्री दहा ते सकाळी सहा, राहत्या वस्तीत पंचेचाळीस डेसिबल. हे पाऊण किलोचे पाखरू जवळून ऐकले तर त्याच्या दुपटीच्या घरात आरवते.

तेव्हा देऊन टाकावयाचे, असे आम्ही मनाशी ठरविले, आणि चिरंजीवांच्या गाडीवर मागे बसून त्या विक्रेत्याकडे गेलो. नातीस सांगितले नाही. हे आम्ही योग्य केले नाही, पण केले.

विक्रेता भला माणूस. “घेतो की परत,” तो म्हणाला, “आषाढी अमावास्येपर्यंत ठेवतो. तेव्हा लहानमोठं सगळं खपतं.” त्या दिवशी कोंबड्यांचे काय होते हे सांगावयास नको. आम्ही काही बोललो नाही. मग, केवळ काही तरी विचारावे म्हणून, विचारले की, आपण आम्हास पूर्वी ज्या तपकिरी तलंगा दिल्या, त्यांत चुकूनही कोंबडा निघाला नाही, हे कसे? तो म्हणाला, “अंड्यांच्या जातीत नराला कोण पोसणार, गुरुजी? अंडे देत नाही, अंगावर मांस धरत नाही. पहिल्याच दिवशी निवडून बाजूला काढतात. काही पिल्ली रंगवून जत्रेत विकायला जातात. बाकीची...” आणि त्याने हात झटकला.

आम्ही परत येताना गाडीवर काही बोललो नाही. तीस वर्षांपूर्वी एका जत्रेत आमच्या मुलीस आम्ही गुलाबी रंगाचे पिलू घेऊन दिले होते. ते तिसऱ्या दिवशी मेले, पारिजातकाखाली पुरले. तिने विचारले होते की ते का मेले, आणि आम्ही रंग लागला असेल असे सांगितले. ते अंड्यांच्या जातीचे नर पिलू होते, जे मरण्यासाठीच स्वस्त होते, हे आज कळले. नंतर वाचले की, एक दिवसाची नर पिल्ली मारून टाकण्यास जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून कायद्याने बंदी केली. अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे तेथे निघाली आहेत. पण हा व्यवहार जगभर कित्येक दशके चालत आला, आणि आमचे निर्जीव, निर्दोष, दुधासारखे अंडे त्याच व्यवहारातून आमच्या तव्यावर आले होते.

रात्री हे सर्व आक्कास सांगितले. सांगावयास नको होते असे सौ.चे मत; पण ज्या शास्त्रार्थावर तह झाला, तोच अपुरा निघाला, तर दुसऱ्या पक्षास ते कळविणे प्राप्तच होते. आक्का जपमाळ हातात तशीच धरून बसली. मग म्हणाली, “म्हणजे अंड्यात जीव नव्हता. तिच्या भावात होता.”

“होय.”

“आणि त्याला आधीच मारला, म्हणून तुझे अंडे शुद्ध.”

आम्ही काही उत्तर दिले नाही. तिनेही मागितले नाही. दिवा मालवताना एवढेच म्हणाली, “तो बारका बाजारात जायचा नाही.”

मग ठेंगू राहिला. पण त्याचे आरवणे राहता कामा नये, निदान सहापूर्वी तरी. येथे म्हणीचा उपयोग होत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे तर सर्वांस ठाऊक. परंतु कोंबडे झाकले म्हणून ते आरवायचेही राहत नाही. जपानातील नागोया विद्यापीठात शिमुरा व योशिमुरा यांनी २०१३ साली दाखवून दिले की, कोंबडा पहाट पाहून आरवत नाही; सततच्या मंद उजेडात ठेविला तरी त्याच्या अंगातले घड्याळ वेळ झाली की त्यास आरवावयास लावते. तेव्हा अंधार हा उपाय अर्धाच. उरलेला अर्धा पशुवैद्यांनी सुचविला: कोंबडा मान ताणून, डोके उंच करून आरवतो, डोक्यावर जागाच नसेल तर आवाज दबतो. आमचे जुने न्हाणीघर परसाच्या अलीकडच्या कोपऱ्यात आहे, भिंती दीड हात जाड, मातीच्या. तेथे चिरंजीवांनी बुटक्या छताची एक पेटी ठोकली, हवेस खालून जाळी ठेविली, आतून गोणपाट मारले. सूर्यास्तास ठेंगू पेटीत. सकाळी साडेसहाला बाहेर. पहिल्या रात्री आम्ही साडेतीनपासून गडग्यापाशी कान देऊन उभे राहिलो. चार वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघरातून, कोणी तोंडावर पदर धरून खोकावे, असा आवाज आला. आठ दिवसांनी शेजाऱ्यांस विचारले. ते म्हणाले, “कोंबडा दिला का, गुरुजी? पोरगी विचारत होती.”

दिवसा मात्र तो मोकळा असतो, आणि दिवसा आम्हास आता दुसरा उद्योग उरलेला नाही. चाणक्यनीतीत माणसाने कोंबड्यापासून चार गोष्टी शिकाव्यात असे म्हटले आहे. त्यांत वेळेवर उठणे आणि लढणे या दोन सर्वांस माहीत असतात. तिसरी, आप्तांस वाटून देणे, ही मात्र आम्ही मुलांकडून पाठ करून घेताना कधी नीट समजून घेतली नव्हती. ठेंगूस गांडूळ सापडले की तो ते खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि एक बारीक, घाईचा, टुकटुक असा आवाज काढतो. तिघी धावत येतात आणि जी पहिली येते ती खाते. तो बाजूस उभा राहून पाहतो. चाणक्याने लिहिले ते कोणाच्या तरी परसात उभे राहून पाहिलेले असले पाहिजे. श्रावणात एकदा घारीची सावली अंगणावरून गेली. याने असा काही लांबट सूर काढला की, तिघीही क्षणात जास्वंदीखाली. हा स्वतः मात्र उघड्यावर, मान वाकडी करून, एक डोळा आकाशाकडे लावून. पाऊण किलो वजन.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. थोरल्या तपकिरी कोंबडीची पाठ त्याने खरेच उघडी केली. नातीने तिच्यासाठी कापडाची झूल शिवली आहे, पंखांखालून बंद बांधलेली. कापड मऊ, जुने, हिरवट काठाचे आहे. ते कोणाच्या लुगड्याचे हे आम्ही ओळखले, विचारले नाही.

अंड्यांचे म्हणाल तर सूनबाई, चिरंजीव व नात पूर्ववत खातात. अंडे घालताच उचलतात, शीतकपाटात ठेवतात. न उबविलेल्या वर्तुळात आणि भिजत न घातलेल्या हरभऱ्यात फरक काय, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यास तर्काने उत्तर देणे आम्हास जमलेले नाही. आम्ही स्वतः मात्र सोडले. यात तत्त्व आहे असे म्हणवत नाही; बशीतले ते कडे डोळ्यांसमोर येते आणि घास खाली उतरत नाही, इतकेच. डॉक्टर रागावले. आता भिजविलेले हरभरे, मूग व दोन पेले दूध असे चालले आहे, आणि घाट चढताना एकदा बसावे लागते.

येथवर लिहून झाले होते. पण मंगळवारपासून ठिपक्यांची गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. जवळ गेले की पिसे फुगवते, दाणे टाकावयास उठत नाही. खुडूक कोंबडीखालची अंडी सूनबाई रोज काढून घेत आल्या आहेत, म्हणून तिच्याखाली काही नसावयास पाहिजे. आज सकाळी नातीने हात घालून मोजली; सात आहेत. सूनबाई म्हणतात, त्यांनी ठेविली नाहीत. चिरंजीव म्हणतात, त्यांनी नाहीत. सौ. हसल्या. सातांतून पिल्ली निघाली तर निम्मे तरी कोंबडे असणार, आणि न्हाणीघरात पेटी एकच आहे, हे आम्ही दुपारी ओटीवर जरा मोठ्याने बोललो.

आक्का कोपऱ्यात कण्या निवडीत होती. बारीक कण्या, पिल्लांच्या चोचीत मावतील अशा. “आज शुक्रवार,” ती म्हणाली, “अजून अठरा दिवस आहेत. तोवर पेट्या ठोकून होतील.”